भिर्रर्र!

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याच्या वाटेला लागले, की सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर अशी गावे मागे टाकीत आपण खेड तालुक्यात येतो. इतकी वर्षे द्वारकेजवळ राहूनही या वाटेवरचे एक वेड मला ठाऊक नव्हते. एका स्नेह्यांनी माघी पौर्णिमेला निमगाव दावडीच्या खंडोबाला नेले, आणि तिथे मी पहिल्यांदा बैलगाड्याचा ‘घाट’ पाहिला.

हा घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. ही चढणीची धावपट्टी. हलक्याशा गाड्याला चार बैल. मागची जोडी धुरेची, पुढची जुकाटाची. त्यांच्याही पुढे घोडीवर एक स्वार. गंमत अशी, की गाड्यावर हाकणारा कुणी नसतोच! गाडा सुटला की कर्ण्यावरून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, भंडारा उधळतो, आणि काही सेकंदांत सारे संपते. वर्षभराच्या खुराकाचा हिशेब तेवढ्यात होतो.

अमेरिकेतल्या गुराख्यांचा ‘रोडिओ’ आपण चित्रपटांत पाहतो. तिथे उधळलेल्या बैलाच्या पाठीवर माणसाने आठ सेकंद टिकायचे. आपल्याकडे माणूस बाजूला, आणि मान बैलाचा!

माझ्या शेजारी डोक्याला फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. मी विचारले, “बाबा, शर्यती बंद होत्या तेव्हा बैलांचं काय केलंत?”

“दोन इकले, पाव्हणं,” ते म्हणाले. “औताला ट्रॅक्टर आला, घाट बंद पडला. मग खिल्लार दावणीला ठेवायचं कशाच्या जिवावर?”

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली, ती बैलांच्या छळामुळे. २०१७ साली राज्याने कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा वैध ठरवला. आता आधी परवानगी घ्यावी लागते, बैलांची वैद्यकीय तपासणी होते, आणि काठी, चाबूक, टोचणी यांना मज्जाव आहे.

मी जरा भीतभीतच विचारले, “पण छळ होत होता, हे खरं ना?”

आजोबा थोडा वेळ घाटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “व्हत हुता. शेपटी पिरगाळायची, आर टोचायची. समद्यांनी न्हाई केलं, पर बघितलं समद्यांनी. कोर्टानं कान धरला, बरं झालं. ज्याला पोरावानी वाढवला, त्यो हाकंवर पळंना, तर चूक त्याची का आपली?”

एवढ्यात त्यांच्या गाड्याची बारी आली. नातवाने बैलाच्या पाठीवर नुसती थाप दिली. गाडा सुटला. पहिला नंबर काही आला नाही. पण आजोबा घाईघाईने उठले ते नंबर ऐकायला नव्हे, तर घाटमाथ्यावर दमलेल्या बैलांपाशी जायला.

रात्री द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली मोटारींच्या कर्कश गर्दीत आमची गाडी अडकली. मागचा प्रत्येक जण पुढच्याला भोंगा वाजवून टोचीत होता. मला ती पाठीवरची थाप आठवली.