रेनपाय : वाचकाला मागे फिरू देणारे कथायंत्र

चित्रे, संवाद, पार्श्वसंगीत आणि मधूनमधून वाचकापुढे ठेवलेले पर्याय यांतून संगणकाच्या पडद्यावर उलगडत जाणारी कथा ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाने ओळखली जाते. हा प्रकार जपानमध्ये रुजला, आणि ‘एनस्क्रिप्टर’, ‘किरीकिरी’ यांसारखी त्याची इंजिने, म्हणजे लेखकाने लिहिलेली कथा पडद्यावर चालवणारी तयार सॉफ्टवेअरे, प्रथम तिथेच घडली. जपानबाहेरच्या हौशी आणि स्वतंत्र निर्मात्यांमध्ये मात्र टॉम रॉथमेल यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रेनपाय’ने जम बसवला. ख्रिस्टीन लव्ह यांची ‘डिजिटल : अ लव्ह स्टोरी’ (२०१०), ‘कातावा शोजो’ (२०१२) आणि ‘स्ले द प्रिन्सेस’ (२०२३) या एकमेकींशी फारसे साम्य नसलेल्या कलाकृती याच इंजिनावर उभ्या आहेत.

रेनपाय फुकट आहे आणि त्याचा मूळ कोड खुला आहे, हे त्याच्या लोकप्रियतेचे कारण सर्वांत आधी सांगितले जाते. विकलेल्या खेळावरही त्यासाठी स्वामित्वधन द्यावे लागत नाही, आणि ‘युनिटी’ हे खेळ घडवण्याचे दुसरे इंजिन बनवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये खेळाच्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क लावण्याची घोषणा करून वर्षभराने ती मागे घेतल्यावर या मोकळीकीचे मोल अनेकांना नव्याने उमगले असणार. तरीही केवळ फुकटपणावर कोणतेही साधन दोन दशके टिकत नाही. रेनपायची संहिता नाटकाच्या संहितेसारखी दिसते : पात्राचे नाव, त्यापुढे अवतरणचिन्हांत त्याचे वाक्य, पार्श्वभूमी बदलण्यासाठी ‘सीन’, पात्र पडद्यावर आणण्यासाठी ‘शो’ आणि पर्याय मांडण्यासाठी ‘मेनू’. त्यामुळे प्रोग्रामिंग न शिकलेला लेखकही पहिले प्रकरण चालवून पाहू शकतो, आणि पुढे गुंतागुंतीची गरज पडली की त्याच फाइलमध्ये पायथन ही पूर्ण क्षमतेची भाषा त्याच्या हाताशी असते.

खेळाडूंच्या पसंतीचे मर्म मात्र ‘रोलबॅक’मध्ये आहे. माउसचे चाक वर फिरवले की कथा एकेक वाक्य मागे सरकते, आणि मागे केवळ मजकूर जात नाही, तर निवडलेला पर्याय आणि त्यामुळे बदललेली पात्रांची मने, म्हणजे कथेतील चलांची मूल्ये, हीसुद्धा पूर्ववत होतात, कारण इंजिन प्रत्येक विधानापाशी झालेल्या बदलांची नोंद ठेवत असते. जवळजवळ कुठेही खेळ साठवता येणे हे याच स्थितिनोंदीच्या जोडीने येते. शिवाय लिहिता लिहिता संहितेत दुरुस्ती केली, तर खेळ पुन्हा पहिल्यापासून न चालवता जवळपास त्याच प्रसंगावर बदल पाहता येतो. वाचकाची सोय आणि लेखकाची सोय अशी एकाच रचनेतून निघावी, हे या इंजिनाचे खरे वैशिष्ट्य होय. निर्णयाला मागे फिरणे नसावे असे ज्या लेखकाला वाटते, त्याला रोलबॅक अडवताही येतो. तो सरसकट अडवणे मात्र वाचकावरचा अविश्वासच ठरतो. आधी वाचलेला मजकूर वेगाने ओलांडणे, अक्षरांचा आकार वाढवणे आणि संवाद यंत्राकडून मोठ्याने वाचून घेणे या सोयीही निर्मात्याने काही न करता मिळतात.

मर्यादाही स्पष्ट आहेत. त्रिमितीय दृश्यांसाठी हे साधन मुळात घडवलेले नाही, आणि तयार मांडणी जशीच्या तशी ठेवली की सगळे खेळ भावंडांसारखे दिसू लागतात. रेनपायवरच घडलेला ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) खेळाडूला खेळाच्या फोल्डरमधील फाइलींशीच झुंजायला लावतो. पण त्याची कन्सोलवरही आलेली विस्तारित आवृत्ती (२०२१) युनिटीवर नव्याने बांधली गेली.

मराठी लेखकासाठी अडचण लिपीची होती. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो पण व्यंजनाआधी काढला जातो, जोडाक्षरांत व्यंजनांचे आकार बदलतात, आणि अक्षरामागून अक्षर मांडणाऱ्या यंत्रणेला हे जमत नाही. २०२३ मधील ८.१ या आवृत्तीपासून रेनपाय ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणी करणाऱ्या खुल्या प्रणालीचा वापर करते, त्यामुळे देवनागरी नीट उमटते. फक्त मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ यासारखा फॉन्ट सोबत जोडावा लागतो. उल्हासनगरसारख्या शहरात, जिथे मराठी आणि सिंधी शेजारी नांदतात आणि सिंधी देवनागरीतही व अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते, भाषांतराची सोय विशेष कामाची ठरेल : इंजिन मूळ संहितेतील संवाद वेगळ्या फाइलींत काढून देते, आणि वाचक खेळता खेळता भाषा बदलू शकतो. उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या मजकुरालाही आधार आहे, मात्र त्यासाठी संवादाच्या चौकटी आणि पर्यायांची मांडणी निर्मात्याला वेगळी तपासून घ्यावी लागते.