तंजावूरच्या मातीत कुदळ की करणी? अवजाराआधी कायद्याचा प्रश्न

तंजावूर : नायकांनी उभारलेल्या आणि भोसले घराण्याने पुढे वाढविलेल्या येथील राजवाड्यात मराठी पर्यटक येतो तो बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांच्या ओढीने. त्याच आवारातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती मांडलेल्या आहेत. परचक्राच्या भीतीने कधीकाळी भूमिगत केलेल्या अशा मूर्ती या प्रदेशात शेत वा घराचा पाया खणताना अवचित हाती लागत आल्या आहेत. तिरुवेंकाडू येथील, इ. स. १०११ च्या सुमाराची वृषभवाहन शिवाची मूर्तीही जमिनीतूनच वर आली.

आता मेटल डिटेक्टर कोणालाही विकत घेता येतो. मात्र हे यंत्र केवळ धातू असल्याची वर्दी देते; वस्तूचा आकार आणि तिची नाजूक बाजू ते सांगत नाही. त्यामुळे वस्तू अखंड राहणार की नाही, हे अवजारावर ठरते.

कुदळीचा दोष तिच्या घावात आहे. पाते वरून येते आणि डोळ्यांनी काही पाहण्याआधी आदळते. चोळ मूर्ती बहुधा भरीव ओतीव असल्या, तरी त्यांची बोटे, आयुधे आणि प्रभावळ एका फटक्यात तुटू शकतात. ब्रिटनमधील हौशी शोधक म्हणूनच अरुंद पात्याचे हातफावडे वापरतात. संकेताच्या जागेपासून अंतर राखून मातीचा ढेकूळ चौफेर कापायचा, तो अलगद उचलायचा आणि मग आत शोध घ्यायचा, अशी ही रीत आहे. पाते व दांडा एकाच पोलादात घडविलेले असावेत. रिबिट मारलेला सांधा चिकट मातीत आधी ढिला होतो. कावेरीच्या खोऱ्यातील गाळाची माती ओली असता पात्याला चिकटते आणि उन्हाळ्यात कडक होते, म्हणून येथे ही बाब अधिकच लागू पडते.

पुरातत्त्वज्ञांची निवड याहून वेगळी असते. त्यांचे मुख्य अवजार म्हणजे टोकदार, सपाट पात्याची लहान करणी. ती मातीत खुपसायची नसून आडवी फिरवून थर खरवडायचे असतात. वस्तूजवळ पोहोचल्यावर बांबूच्या काड्या आणि मऊ ब्रश हाती येतात. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये केलेल्या उत्खननातही भर होता तो थर ओळखण्यावरच.

ब्रिटिश हौशी मंडळींची रीत भारतात जशीच्या तशी चालत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीवाचून खणता येत नाही. अन्यत्रही १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ती लपविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. दहा रुपयांची ही मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण कळविण्याच्या सक्तीतून सुटका नाही.

कळविण्यामागे आणखी एक कारण आहे. तत्कालीन तंजावूर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ मध्ये एका मजुराला घराजवळ खणताना नटराजाची मूर्ती सापडली. ती विकली गेली, हस्ते परहस्ते लंडनला पोहोचली आणि तेथील पोलिसांनी ताब्यात घेतली. खटल्यात प्रश्न होता की ही मूर्ती नेमकी पत्तूरचीच कशावरून. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांची त्याच ठिकाणी सापडलेल्या अन्य मूर्तींवरील खुणांशी तुलना झाली. निकाल भारताच्या बाजूने लागला आणि १९९१ मध्ये नटराज परतले.

मूर्ती घासूनपुसून चकचकीत केली असती, तर हा पुरावाच उरला नसता. म्हणून अवजाराला धातू लागताच खणणे थांबवावे, वस्तू मातीसह जागच्या जागी राहू द्यावी आणि तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे. पुढील करणी पुरातत्त्व विभागाची.