पुस्तकांचे पुरस्कार : आपला काय संबंध?



दर दोन वर्षांनी पेपरात एक बातमी येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार अमुक लेखकाला दिला. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो असतो. आपण पान उलटतो आणि कांद्याचा भाव बघतो. त्यात चूक काही नाही, त्या भावावर घर चालतं. पण हा पुरस्कार आपल्याच जिल्ह्यातला आहे. तो कसा देतात, कुणाला मिळतो, कुणाला मिळत नाही आणि गटातल्या बाईला त्याचा उपयोग काय, हे आज समजून घेऊ.

पुस्तकांचे पुरस्कार मुख्यतः दोन तऱ्हांचे असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण रांगोळी स्पर्धा घेतो, तेव्हा त्या दिवशी समोर काढलेली रांगोळीच बघतो. मागच्या वर्षी कुणी किती सुंदर काढली होती, ते मोजत नाही. काही पुरस्कार असेच एका पुस्तकाला असतात. पण गावातल्या म्हाताऱ्या सुईणीचा सत्कार करायचा ठरला, तर एखादं बाळंतपण बघून आपण ते ठरवत नाही. तिनं जन्मभर काय केलं ते बघतो. जनस्थान पुरस्कार या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. लेखकाच्या आयुष्यभराच्या लिखाणाला तो मिळतो. निवड समिती नाव ठरवते. पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये.

जनस्थान हे नाशिकच्या परिसराचं जुनं नाव, रामायणातलं. आणि कुसुमाग्रज म्हणजे कवी विष्णु वामन शिरवाडकर. कांदा आणि द्राक्षं घेऊन आपली माणसं ज्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जातात, तिथेच त्यांचं लहानपण गेलं. पुढे नाशिकला राहून त्यांनी कविता आणि नाटकं लिहिली. १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी, तोच आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. जनस्थान पुरस्कार सुरू झाला १९९१ मध्ये. पहिला मान नाटककार विजय तेंडुलकर यांना मिळाला.

आता ज्यांना तो मिळाला, त्यातली काही माणसं बघा. २००५ मध्ये नारायण सुर्वे. जन्मल्यावर टाकून दिलेलं हे मूल मुंबईच्या एका गिरणी कामगारानं वाढवलं, आणि तो मुलगा कामगारांचा कवी झाला. २००७ मध्ये बाबूराव बागूल. ते आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये आला आणि दलितांच्या जगण्याबद्दल मराठीत आधी कुणी बोललं नव्हतं इतकं थेट बोलला. २००९ मध्ये ना. धों. महानोर. अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी. 'जैत रे जैत' सिनेमातली गाणी तुम्ही ऐकली असतील, ती त्यांचीच. म्हणजे मोठ्या घरात जन्मलेल्या, खूप शिकलेल्या माणसांसाठीच हे मान असतात, असं काही नाही.

अशीच एक गोष्ट लांबच्या मुलखातली सांगते. आधी गटाची वही डोळ्यांपुढे आणा. हिशोब, जमा, खर्च, कर्ज, रक्कम. हे सगळे शब्द मुळात अरबी आहेत, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले आणि मराठी होऊन बसले. बक्षिसाला आपण इनाम म्हणतो, तोही शब्द अरबीच. त्या अरबी भाषेत आज लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांसाठी एक मोठा पुरस्कार आहे. तो २००८ पासून दरवर्षी अबुधाबीतून दिला जातो. तो पहिल्या तऱ्हेचा, रांगोळी स्पर्धेसारखा, एका कादंबरीला मिळणारा. प्रकाशक पुस्तकं पाठवतात. पाच परीक्षक ती वाचतात. आधी सोळा पुस्तकांची यादी करतात, मग सहांची, आणि शेवटी एक निवडतात. त्या सहाजणांना प्रत्येकी दहा हजार डॉलर मिळतात आणि जिंकणाऱ्याला वर पन्नास हजार. रुपयांत ही रक्कम चाळीस लाखांच्या वर जाते. शिवाय जिंकलेल्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर व्हावं म्हणून खर्चाची सोय केलेली असते. ही सोय फार महत्त्वाची आहे, कारण भाषांतर झालं नाही तर पुस्तक आपल्या भाषेच्या वेशीबाहेर जातच नाही.

२०२३ मध्ये हा पुरस्कार ओमान देशातल्या जहरान अल्कासमी या लेखकाला मिळाला. त्याची कादंबरी एका पाणाड्याची आहे. विहिरीत बुडून मेलेल्या बाईच्या पोटातून एक पोर जिवंत काढतात. ते पोर मोठं होतं आणि जमिनीला कान लावून खालचं पाणी ऐकू लागतं. मग कोरड पडलेल्या गावांतून त्याला बोलावणी येतात, पाणी शोधून दे म्हणून. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरणाऱ्या बाईला या गोष्टीत परकं काय वाटेल? तिला ती पहिल्या पानापासून कळेल. शहरात नळाखाली बादली लावणाऱ्याला जास्त समजावून सांगावी लागेल. पुरस्कार मिळाला म्हणून ओमानच्या एका खेड्यातली ही गोष्ट जगात बोलली गेली. पुरस्काराचं खरं काम हेच. हजार पुस्तकांच्या ढिगातून एक उचलून तो म्हणतो, हे बघा, हे वाचा.

पण परीक्षक बोट दाखवणार ते समोर असलेल्या पुस्तकांकडेच. इथं आपला प्रश्न सुरू होतो. १९९१ पासून २०२५ पर्यंत जनस्थान पुरस्कार अठरा जणांना मिळाला. त्यात बायका किती? तीन. १९९५ मध्ये इंदिरा संत, २०१७ मध्ये विजया राजाध्यक्ष, २०२३ मध्ये आशा बगे. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये बावीस वर्षं गेली. आणि अरबी पुरस्कार? तोही २०२५ पर्यंत अठरा वेळा दिला गेला. त्यात बायका दोन. मक्केत जन्मलेल्या रजा आलेम यांना २०११ मध्ये, तोही एका पुरुष लेखकासोबत वाटून. आणि २०१९ मध्ये लेबनॉनच्या हुदा बरकात यांना, घरदार सुटलेल्या माणसांच्या न पोचलेल्या पत्रांच्या कादंबरीसाठी. मराठीला ज्ञानपीठ चार वेळा मिळालं, चारही वेळा पुरुषाला.

असं का होतं? परीक्षकांच्या आवडीनिवडीचा भाग असेल. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याला चांगली ठाऊक आहे. आयुष्यभराच्या लिखाणाला मान द्यायचा, तर आयुष्यभर लिहायला मिळालं पाहिजे. बाईच्या दिवसातून स्वयंपाक, पाणी, गुरं, निंदणी, पोरं, म्हातारी माणसं वजा करा, आणि काय उरतं ते सांगा. इंदिरा संत बेळगावच्या. १९४६ मध्ये पती गेले, पदरात तीन मुलं. त्यांनी नोकरी केली, मुलं वाढवली आणि कविता लिहिली. जनस्थान पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

आणखी दोन बायका आठवा. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये एक मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाही. लिहावाचायला शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यात घरातलं बोलणं, भांडणं, उपास, हसू, सगळं आपण बोलतो तशा भाषेत आहे. नव्वद वर्षं झाली, लोक अजून ते विकत घेऊन वाचतात. दुसऱ्या शेजारच्या खानदेशातल्या, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत आणि घरातली मुलं ती कागदावर उतरवून घेत. त्या १९५१ मध्ये गेल्या. मुलानं, कवी सोपानदेवांनी, ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. घरात कुणी लिहून घेतलं नसतं, तर आज बहिणाबाईंचं नाव कुणाला ठाऊक असतं? जात्यावर ओव्या रचणाऱ्या तर घरोघरी होत्या. त्यांचं पुस्तक झालं नाही, म्हणून त्यांना पुरस्कार नाही आणि नावही नाही.

चित्र बदलतही आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या हासनच्या बानू मुश्ताक या वकील. मुसलमान घरांतल्या बायकांचं जगणं त्या कन्नड कथांमधून लिहितात. दीपा भास्ती यांनी त्या कथा इंग्रजीत नेल्या, आणि २०२५ मध्ये लंडनचा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. त्या पुरस्काराची एक पद्धत मला फार आवडते. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि भाषांतर करणारी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. गोष्ट सांगणारीइतकाच ती दुसऱ्या भाषेत पोचवणारीचा वाटा धरला जातो.

आता आपण काय करायचं? पहिलं म्हणजे पुस्तक गावात आणायचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, पण ते शहरात. तालुक्याच्या आणि बऱ्याच मोठ्या गावांतही सरकारी अनुदान घेणारी वाचनालयं आहेत. तिथं पेपर वाचत बसलेले पुरुष दिसतात म्हणून आपण पायरी चढत नाही. चढा. दोघी-तिघी मिळून जा. वर्गणी विचारा आणि गटातल्या कुणाच्या तरी नावानं सभासद व्हा. हवं ते पुस्तक तिथं नसेल तर मागणी लिहून द्या. वाचनालयाला नवी पुस्तकं घ्यावीच लागतात, ती कुणाच्या मागणीवरून घ्यायची एवढाच प्रश्न असतो.

दुसरी वाट कुसुमाग्रज प्रतिष्ठाननंच दाखवली आहे. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये तिथून 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांची एक पेटी भरायची आणि वाचकांच्या एका गटाकडे द्यायची. त्यांची वाचून झाली की ती पेटी दुसऱ्या गटाकडे आणि दुसरी यांच्याकडे. अशी पेटी दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोचली. मग आपल्या दोन-तीन गावांतल्या गटांना आपसात दहा पुस्तकांची पिशवी फिरवता येणार नाही का? भिशीपेक्षा अवघड नाही ते.

सुरुवात सोप्या पुस्तकांनी करा. 'स्मृतिचित्रे' घ्या. जनस्थानच्या मानकऱ्यांपैकी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका तरुण मास्तरची ती गोष्ट आहे, आणि पुस्तक लहान आहे. आशा बगे यांची 'भूमी' घ्या. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेंगा फोडता फोडताही ऐकता येतं.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गटात एखादी अशी असेलच, जी गोष्ट सांगायला लागली की सगळ्या हातातलं काम थांबवतात. किंवा एखादी आजी असेल, जिला शंभर ओव्या तोंडपाठ आहेत. तिचं बोलणं लिहून घ्या. नातीला वही घेऊन बसवा, नाहीतर मोबाइलवर आवाज भरून ठेवा. वर तिचं नाव, गाव आणि तारीख घाला. त्याला पुरस्कार मिळेल की नाही, तो पुढचा प्रश्न. आधी कागदावर यायला हवं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा. कोणतं पुस्तक आणायचं आणि कोणाचं बोलणं लिहून घ्यायचं, या दोन गोष्टी ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.