सव्वा किलो डाळीचे किती?

बालमित्रांनो, तूरडाळ १६० रुपये किलो असली, तर सव्वा किलोचे किती? थांबा! कागद-पेन्सिल नको, कॅल्क्युलेटर तर नकोच. १६० चा पाव ४०. ते १६० मध्ये मिळवले की झाले २००. सोप्पं आहे ना?

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे म्हणून घेत. रुपयाचे तेव्हा १६ आणे असत. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले आणि हळूहळू हे पाढेही मागे पडले. पण बाजारातलं पाव, सव्वा, दीड कुठे गेलंय?

पाव काढता आला की गुणाकारही सोपा होतो. ३६ गुणिले २५ करायचंय? २५ म्हणजे शंभराचा पाव. ३६ चा पाव ९, म्हणून उत्तर ९००!

तोंडी हिशेबाचा मोठा फायदा म्हणजे चूक लगेच पकडता येते. २५ रुपयांना एक, अशा १९ वह्या घेतल्या. २० वह्यांचे ५००, त्यातून एकीचे २५ वजा, म्हणजे ४७५. दुकानात कॅल्क्युलेटरवर चुकून एक शून्य जास्त दाबलं गेलं आणि ४७५० आले, तर यंत्राला ते कळणार नाही, तुम्हांला कळेल!

पालकहो, मुलांचं उत्तर चुकलं तर रागावू नका. "कसं काढलंस?" एवढंच विचारा. सांगता सांगता पुष्कळदा चूक त्यांची त्यांनाच सापडते. उद्या किराणा आणायला जाताना त्यांना सोबत न्या आणि बिल होण्याआधी हिशेब त्यांनाच करू द्या.