एटापल्लीवरून उडायचंय? आधी कागदावर उडून बघा!

एप्रिलची दुपार. एटापल्लीच्या बसस्टॅण्डवर आलापल्लीची गाडी कधी लागते याची वाट बघत तुम्ही उभे आहात. ऊन असं की डांबर मऊ झालंय. सहज वर बघता, तर पाच-सहा घारी गोल गोल फिरताहेत. पंख हलत नाहीत, तरी त्या वर वर जातात. मग त्यातली एक सरळ रेषेत निघते आणि बघता बघता जंगलापलीकडे दिसेनाशी होते.

पेट्रोल नाही, इंजिन नाही. मग ती गेली कशी?

हेच कोडं सोडवून माणसानं ग्लायडर उडवलं. इंजिन नसलेलं, लांब पंखांचं विमान. जमिनीवरून वर नेण्यापुरती त्याला मदत लागते, विंचच्या दोराची नाहीतर दुसऱ्या विमानाची. एकदा दोर सुटला की पुढचं सगळं हवेवर आणि पायलटच्या डोक्यावर. धावपट्टीभोवती चार चकरा मारून उतरणं ही झाली सुरुवात. खरी मजा असते ‘क्रॉस कंट्री’त, म्हणजे दूरचं ठिकाण गाठून परत घरी येण्यात. अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वतावर क्लाऊस ओलमान या जर्मन पायलटनं २००३ मध्ये एकाच उड्डाणात ३००० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. तेही इंजिनाशिवाय!

एटापल्लीला विमानतळ नाही. आपल्याला जवळची धावपट्टी म्हणजे चंद्रपूरजवळची मोरवा. तिथून ग्लायडर निघालं, एटापल्लीवर येऊन वळलं आणि परत गेलं असं समजू. जमेल का? चला, हिशेब मांडू. कागद, पेन्सिल आणि फोनवरचा नकाशा एवढं पुरे.

आभाळ किती उंच?

तापलेल्या जमिनीवरची हवा बुडबुड्यासारखी वर उठते. तिला थर्मल म्हणतात. घार त्यातच गिरक्या घेते आणि ग्लायडरही. ही हवा जिथं थंड होऊन ढग बनायला लागते, साधारण तिथपर्यंत आपल्याला चढता येतं. त्याचा सोपा ठोकताळा आहे. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. दुपारी तापमान ४० अंश आणि दवबिंदू १६ असेल, तर २४ गुणिले १२५ म्हणजे ३००० मीटर. आपण सावधपणे २५०० मीटरच धरू.

थर्मल कुठं मिळेल? नांगरलेली काळी शेतं, उघडे खडक, गावाची पत्र्याची छपरं या जागा लवकर तापतात. तलाव, बोड्या आणि ओली बांधी थंड राहतात, तिथं आशा कमी. मोरव्याहून निघताना चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. धूर कुणीकडे झुकलाय यावरून वारा कळतो. पुढं जंगलात मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो धूरही तेच सांगतो. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे घार. ती गिरक्या घेत चढताना दिसली की तिकडं वळायचं.

दोन टप्पे

मोरवा ते एटापल्ली सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. पण सरळ रेषा कायम शहाणपणाची नसते. आपण थोडं दक्षिणेला वळून वर्धा आणि वैनगंगेच्या संगमावरून जाऊ. चपराळ्याजवळ या दोन नद्या मिळतात आणि पुढं प्राणहिता म्हणून वाहतात. वरून एवढी ठळक खूण दुसरी नाही. मोरवा ते संगम अंदाजे ७६ किलोमीटर, संगम ते एटापल्ली अंदाजे ४५. म्हणजे जायला १२१ आणि परत यायला तेवढेच.

ग्लायडरचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर वारा नसताना चार तास लागतात. आता समजा पश्चिमेकडून ताशी १५ चा वारा आहे. जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. जायला दीड तासाच्या थोडं वर, यायला पावणेतीन तास. दुपारी बाराला निघालो तर सव्वाचार-साडेचारला घरी. थर्मल मरायच्या आत. वाटतं, जमलं की!

थांबा. खरी परीक्षा पुढं आहे.

एकवीस किलोमीटर

ग्लायडर पायलट कायम एकच प्रश्न स्वतःला विचारत असतो. आत्ता, या क्षणी, थर्मल संपलं तर मी कुठं उतरणार?

संगमापर्यंत उत्तर सोपं आहे. खाली शेतं आहेत. धान कापून मोकळी झालेली बांधी वरून छान दिसते. अर्थात छान दिसते तेवढी ती असतेच असं नाही. आपल्याकडे बांध्या लहान आणि मध्ये धुरे. ग्लायडरला उतरायला अडीच-तीनशे मीटर सलग जागा लागते, आणि वेगात असताना धुरा लागला तर चाक तुटतं, माणूसही जखमी होतो. तरीही शोधलं तर शेत सापडतं.

संगमापासून पुढं मात्र जंगल. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग झाडीखाली आहे. साग, ऐन, मोह, बांबू. तिथं उतरायचं कुठं?

ग्लायडर एक किलोमीटर खाली येताना तीस किलोमीटर पुढं जातं, असं त्याच्या माहितीपत्रात लिहिलेलं असू शकतं. पण खाली येणारी हवाही वाटेत लागते. म्हणून नियोजनात वीसच धरायचे. पाठीशी वारा असताना ते २३ होतात, समोरून वारा असताना १७. उतरण्याच्या तयारीसाठी ३०० मीटर राखून ठेवायचे. म्हणजे २५०० पैकी खर्चायला उरले २२००.

आता गणित करा. संगमावर २५०० मीटर उंची आहे. वाटेत एकही थर्मल मिळालं नाही, तर किती पुढं जाऊन परत संगमाच्या शेतापर्यंत येता येईल? उत्तर येतं साधारण २१ किलोमीटर.

एटापल्ली ४५ वर आहे.

आणि एटापल्लीहून संगमापर्यंत समोरच्या वाऱ्यात परत यायला, राखीव धरून, जवळपास २९५० मीटर उंची हवी. म्हणजे आपण धरलेल्या उंचीपेक्षा जास्त. एटापल्लीवर आणि परतीच्या वाटेवर थर्मल मिळालंच पाहिजे. ‘मिळेल बहुतेक’ यावर जीव टांगता येत नाही.

म्हणून नकाशावर संगमापासून २० किलोमीटरवर एक रेघ मारायची. त्या रेघेपर्यंत नवी उंची मिळाली नसेल, तर वळायचं. गाव समोर दिसत असलं तरी वळायचं. हा निर्णय जमिनीवर, शांत डोक्यानं, आदल्या रात्रीच घ्यायचा. वर गेल्यावर ‘अजून थोडं’ म्हणणारा आवाज फार गोड असतो.

इथं तुम्ही लागता

यातून वाट आहे. २० किलोमीटरच्या रेघेवरून एटापल्ली २५ वर उरते आणि वारा पाठीशी असतो. तिथं पोचायला राखीव धरून १४०० मीटर पुरतात. अट एकच, एटापल्लीत उतरण्याजोगं एक पक्कं मैदान माहीत हवं.

आणि ते कुणाला माहीत असणार? पुण्यातल्या पायलटला नाही. उपग्रहाच्या फोटोत जमीन दिसते, पण गेल्या महिन्यात रोवलेला विजेचा खांब दिसत नाही. तारा तर दिसतच नाहीत. जमिनीचा उतार, धुऱ्याची उंची, मधली बोरिंग हे तिथं चालणाऱ्यालाच कळतं.

तारांचं दुःख पक्ष्यांनाही ठाऊक आहे. ताडोबातून २०२४ मध्ये टॅग लावून सोडलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी एकानं थर्मलच्या जोरावर हजारो किलोमीटर प्रवास केला. ते थेट तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथं विजेच्या धक्क्यानं मेलं. आभाळात नाही, उतरण्याच्या उंचीवर.

तेव्हा प्रत्येक क्रॉस कंट्रीमागं जमिनीवरची एक टोळी असते. मैदानं बघणारी, शेतमालकाशी आधी बोलणारी, ग्लायडर बाहेर उतरलं तर गाडी आणि ट्रेलर घेऊन जाणारी. आपल्याकडे रेंज मध्येच गायब होते, त्यामुळं कुणी कुठं थांबायचं हेही आधीच ठरवावं लागतं. हवाई हद्दीची परवानगी तर सगळ्यात पहिली. ती नसेल तर बाकीचा कागद गुंडाळून ठेवायचा.

सुरुवात कुठून?

महाराष्ट्रात ग्लायडिंग म्हटलं की पुण्याचं हडपसर. तिथं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. शिकाऊ परवान्यासाठी सोळा वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा. आधी फोन करा, मगच तिकीट काढा.

आणि तिथवर पोचेपर्यंत? ‘एक्ससीसोअर’ नावाचं ॲप अँड्रॉइड फोनवर फुकट चालतं. खरे ग्लायडर पायलट ते वापरतात, आणि त्यात घरबसल्या सरावही करता येतो. वरचं गणित त्यात टाकून बघा.

जगभर मानला जाणारा ग्लायडिंगचा ‘सिल्व्हर’ बॅज मिळवायला तीन गोष्टी कराव्या लागतात. पाच तास हवेत राहणं, १००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर कापणं. संगम ते एटापल्ली ४५. म्हणजे तुमच्या गावाचं जंगल ओलांडणं हे जवळपास एका बॅजएवढं काम आहे.

या रविवारी करून बघा

- गावाजवळचं मोठ्यात मोठं सलग मैदान निवडा आणि पावलांनी मोजा. एक पाऊल पाऊण मीटर धरलं तर ४०० पावलं म्हणजे ३०० मीटर.
- खांब, तारा, विहीर, धुरे आणि उतार वहीत काढा. मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका.
- बारा ते चार दर तासाला वर बघा. घारी कुठल्या जागेवर चढतात? आठ दिवस नोंद ठेवा.
- त्या दिवसाचं तापमान आणि दवबिंदू हवामानाच्या ॲपवर बघा आणि ढगाची उंची काढा.

आठ दिवसांनी तुमच्या हातात एटापल्लीच्या आभाळाचा नकाशा असेल. उद्या कुणी पायलट मोरव्याहून निघालाच, तर २० किलोमीटरच्या त्या रेघेवर पुढं जायचं की वळायचं, हे तुमच्या वहीवरून ठरेल.