आर्केडची लढत घरच्या कन्सोलवर

‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ हा कॅपकॉमचा द्विमितीय लढतीचा खेळ १९९६ मध्ये आर्केडमध्ये आला. प्रत्येक खेळाडू दोन लढवय्ये निवडतो आणि ऐन लढतीत त्यांची अदलाबदल करतो. बाहेर बसलेल्याची गेलेली ताकद थोडीफार भरून येते. सेगा सॅटर्नवरची १९९७ ची आणि प्लेस्टेशनवरची १९९८ ची आवृत्ती शेजारी ठेवली, की असा पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी उतरवलेला खेळ, कशावर पारखायचा हे स्पष्ट होते.

आर्केडच्या सीपीएस-२ बोर्डावर सगळी चित्रे रॉम चिपांमध्ये असत आणि लागतील तशी थेट वाचली जात. कन्सोलवर तीच चित्रे सीडीवर गेली. दोन्ही यंत्रांच्या सीडी ड्राइव्हचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट. या वेगाने चालू लढतीत नवा लढवय्या सीडीवरून आणणे अशक्यच. चौघांचीही चित्रे आधीच रॅममध्ये हवीत. मुख्य रॅम दोन्हीकडे २ मेगाबाइट होती. सॅटर्नच्या खेळासोबत ४ मेगाबाइटची वाढीव रॅम कार्ट्रिज मिळे, त्यामुळे अदलाबदल शाबूत राहिली. प्लेस्टेशनवर ती सर्वसाधारण खेळातून काढावी लागली. जोडीदार ठरावीक हल्ल्यांपुरता डोकावतो. शिवाय हालचालींमधली बरीच चित्रेही गाळली गेली. चित्रे कमी झाली तर खेळ ओबडधोबड दिसतो, एवढेच. अदलाबदल गेली की डावपेचच बदलतात. सॅटर्नची सरस आवृत्ती मात्र फक्त जपानात विकली गेली.

दुसरी कसोटी वेळेची. हे खेळ सेकंदाला जवळपास ६० फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. एकामागून एक फटके जोडायला काही ठिकाणी एक-दोन फ्रेमचीच फट असते. आर्केडमध्ये हाताला बसलेली लय घरी चुकत असेल, तर चित्रे हुबेहूब असून उपयोग नाही. युरोपातील ५० हर्ट्झच्या टीव्हींसाठी काढलेले त्या काळचे कित्येक पोर्ट सुमारे १७ टक्के संथ चालत. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब वेगळा मोजावा लागतो: बटणाला एलईडी जोडायचा, जलद कॅमेऱ्याने दिवा आणि पडदा एकत्र टिपायचा, मग मधल्या फ्रेम मोजायच्या.

पॅडचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तीन ठोसे आणि तीन लाथा यांना सहा बटणे लागतात. सॅटर्नच्या पॅडवर सहाही अंगठ्याखाली येतात. प्लेस्टेशनवर चार समोर, उरलेली खांद्यावर. गंभीर खेळाडू दोन्हीकडे आर्केड स्टिकच घेत.

२०२४ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’मध्ये हा खेळ अदलाबदलीसह परतला. आताच्या यंत्रांना मेमरीची चणचण नाही, त्यामुळे गाळलेली चित्रे शोधत बसावे लागत नाही. पारख होते ती बटणाच्या विलंबाची आणि ऑनलाइन लढतीतील रोलबॅकची: समोरच्याची चाल नेटवरून उशिरा पोहोचली, तर खेळ आधी अंदाजाने पुढे सरकतो आणि अंदाज चुकल्यास काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतो.