माय स्वीट लॉर्ड : एका चालीचे दोन खटले

मॅनेजर ॲलन क्लाइनला सॅव्हिल रोवरच्या ॲपल या बीटल्सच्या कंपनीच्या कचेरीत बसवून गेल्या आठवड्यात आपण थांबलो. आज ‘नॉर्दर्न साँग्ज’ या प्रकाशक कंपनीची विक्री सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेस. साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे आणि त्यांनी नेमका असा प्रश्न विचारला आहे, की ज्याच्यावर सबंध लेख लिहावा अशी माझी फार जुनी इच्छा आहे.

त्या विचारतात : जॉर्ज हॅरिसननं ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल उचलली असं अमेरिकेतल्या कोर्टानं ठरवलं, हे खरं का? त्यांच्या घरी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत. त्यांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्या गाण्याचं नाव राजरोस छापलेलं असतं. आपल्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग हॅरिसनचंच काय चुकलं?

खरं आहे बाई, कोर्टानं तसं ठरवलं. पण त्या निकालाला एक उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो गाण्याचा आहे. उत्तरार्ध हिशेबाच्या वहीचा आहे, म्हणून तो फारसा कुणी सांगत नाही. माझ्या मते या प्रकरणात खरं शिकण्यासारखं काही असेल तर ते त्या उत्तरार्धात आहे.

आधी गाणं कसं झालं ते पाहू. डिसेंबर १९६९. डेलनी आणि बॉनी यांच्या ताफ्याबरोबर हॅरिसन दौऱ्यावर होता. मुक्काम कोपनहेगन. पत्रकार परिषद चालू असताना तो तिथून निसटला आणि गिटार घेऊन दोन कॉर्ड्स आलटून पालटून छेडत बसला. त्यांच्यावर तो आळीपाळीनं दोन शब्द म्हणत होता : ‘हालेलुया’ आणि ‘हरे कृष्ण’. डोक्यात एडविन हॉकिन्स सिंगर्सचं ‘ओह हॅपी डे’ घोळत होतं. चर्चमधला गॉस्पेल आणि कृष्णाचं भजन एकमेकांत विरघळून जावं, ऐकणारा ‘हालेलुया’वर डोलत असतानाच नकळत नामजपात ओढला जावा, अशी त्याची कल्पना. रविशंकरांकडे सतार शिकलेला आणि जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलेला हा माणूस. त्याला ही दोन टोकं जुळवणं अवघड नव्हतं. गाण्याच्या शेवटाकडे गुरुस्तुतीचा आपल्या परिचयाचा श्लोकसुद्धा येतो.

हे गाणं आधी बिली प्रेस्टननं रेकॉर्ड केलं. मग नोव्हेंबर १९७० मध्ये हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा अल्बम आला आणि हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. बीटल्स फुटल्यावर चौघांपैकी कुणाचंही एकट्याचं गाणं पहिल्यांदाच त्या जागी पोचलं होतं, आणि तेही लेनन-मॅकार्टनीच्या सावलीत वाढलेल्या जॉर्जचं.

फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘ब्राइट ट्यून्स’ या न्यूयॉर्कच्या प्रकाशक कंपनीनं दावा लावला. तिच्याकडे ‘हीज सो फाइन’ या गाण्याचे हक्क होते. द शिफॉन्स या मुलींच्या गटानं गायलेलं हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं आणि ब्रिटनमध्येही चांगलं वाजलं होतं. ते रचणारा रॉनी मॅक हा तरुण पोरगा. गाणं गाजलं त्याच वर्षी आजारानं गेला.

आता पेटी काढा. पेटी नसेल तर नुसतं गुणगुणा. न्यायमूर्तींनी निकालपत्रात दोन्ही गाण्यांची सुरावट पाश्चात्त्य स्वरनामांत लिहिली आहे, ती आपल्या सरगमात जशीच्या तशी उतरते. पहिला तुकडा : प ग रे. तीनच स्वर. दुसरा तुकडा वरच्या साकडे चढतो : प ध सा ध सा. ‘हीज सो फाइन’मध्ये पहिला तुकडा चार वेळा येतो, मग दुसरा चार वेळा. ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये पहिला चार वेळा, दुसरा तीन वेळा आणि चौथ्याच्या जागी तेवढ्याच लांबीची एक वेगळी, सुंदर जोडओळ. हे स्वर कुणाच्या मालकीचे नाहीत. प ग रे हा तुकडा जगातल्या हजार गाण्यांत सापडेल. पण हा तुकडा चारदा, मग तो चारदा, हा क्रम दुर्मीळ, आणि खालची कॉर्ड्सची साथही तीच.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट. ‘हीज सो फाइन’मध्ये दुसऱ्या तुकड्याच्या एका आवर्तनात शेवटच्या साला रेचा कण लागतो : प ध सा ध रे सा. प्रेस्टनच्या ध्वनिमुद्रणावरून कॉपीराइटच्या अर्जासाठी ‘माय स्वीट लॉर्ड’चं जे स्वरलेखन झालं, त्यात त्याच जागी तोच कण. सुरावट योगायोगानं जुळू शकते, क्रमही एखादे वेळी जुळेल. पण कणस्वर त्याच जागी पडला की गाण्यातला जाणकार मान डोलावतो आणि गप्प बसतो. मी पेटीवर हा कण पहिल्यांदा वाजवून पाहिला तेव्हा माझ्याजवळ हॅरिसनच्या बाजूनं बोलायला काही उरलं नाही.

खटला फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात उभा राहिला. न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरांचे संगीतकार होते. साक्षीला संगीतज्ञ आले, स्वरांचे तक्ते लागले, हॅरिसननं स्वतः साक्ष देऊन गाणं कसं सुचत गेलं ते सांगितलं. ऑगस्टअखेरीस निकाल लागला. ओवेन यांनी हॅरिसनला लबाड ठरवलं नाही. त्यानं जाणूनबुजून काही केलं असं मला वाटत नाही, असं त्यांनी नोंदवलं. त्यांचं म्हणणं असं : सूर शोधता शोधता एक जुळणी त्याच्या मनाच्या पृष्ठभागावर आली. ही लोकांना आवडेल, असं त्याला आतून वाटलं. का वाटलं? तर ती एकदा लोकांना आवडून गेली आहे, हे त्याच्या अंतर्मनाला ठाऊक होतं. जाणीवपूर्वक असो वा नकळत, कायद्याच्या लेखी ते उल्लंघनच. हा विचार नवा नव्हता. १९२४ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी जेरोम कर्नसारख्या मोठ्या संगीतकाराला याच कारणानं दोषी धरलं होतं आणि भरपाई लावली होती २५० डॉलर. हॅरिसनच्या बाबतीत आकडा फार वेगळा होता, तो पुढे येईलच.

आता साताऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या काळापासून पदावर चाल छापली जात होती ती नटाला आणि वाचकाला पद कसं म्हणायचं ते कळावं म्हणून. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. शिवाय त्या चाली लावण्यांच्या, स्त्रीगीतांच्या, कर्नाटकी पदांच्या, उस्तादांच्या चिजांच्या. त्यांच्यामागे कुणी प्रकाशक कंपनी उभी नव्हती. अमेरिकेत मात्र चाल ही नोंदलेली मालमत्ता असते. त्या काळी तबकडी विकली की दर गाण्यामागे दोन सेंट जमा होत आणि ते प्रकाशक व रचनाकार यांच्यात वाटले जात. लाखोंनी तबकड्या खपल्या की त्या दोन सेंटांचं काय होतं, हे सांगायला नको. हॅरिसननं १९७० मध्येच रॉनी मॅकचं नाव आपल्या नावाशेजारी घातलं असतं आणि वाटा ठरवून दिला असता, तर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. नाट्यपदाच्या डोक्यावरची ती ओळ म्हणजे ऋणाचा उघड उल्लेख, आणि तो आजही सगळ्यांत स्वस्त पडतो.

इथवर पूर्वार्ध. आता क्लाइन.

१९७१ मध्ये दावा लागला तेव्हा क्लाइन हॅरिसनचा मॅनेजर होता. ब्राइट ट्यून्सशी तडजोडीची बोलणी करायला तोच गेला. कंपनीच विकत घेऊन टाकू, म्हणजे भांडणच संपेल, असा त्याचा प्रस्ताव होता. ते जमलं नाही. पुढे ब्राइट ट्यून्स स्वतःच आर्थिक अडचणीत सापडली आणि खटला रेंगाळला. मार्च १९७३ मध्ये क्लाइनचा करार संपला, लेनन, हॅरिसन आणि स्टार यांनी तो वाढवला नाही, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दावे लागले. इथपर्यंत धंद्यात होतं तसंच सगळं.

१९७५ च्या अखेरीस क्लाइन पुन्हा ब्राइट ट्यून्सच्या दारात गेला. या वेळी स्वतःसाठी. हॅरिसनला याचा पत्ता नव्हता. क्लाइननं कंपनीचे शेअर घ्यायची तयारी दाखवली आणि बोलण्यांच्या ओघात तीन तक्ते पुढे केले : ‘माय स्वीट लॉर्ड’चं अमेरिकेतलं उत्पन्न, त्याच तक्त्याची अद्ययावत प्रत, आणि परदेशातल्या विक्रीचा अंदाज धरून हे गाणं एकूण किती मोलाचं आहे याचा त्याचा स्वतःचा अंदाज. हे आकडे त्याच्याकडे कुठून आले? हॅरिसनचे हिशेब त्याच्याच कचेरीतून जात होते तेव्हाचे.

याचा परिणाम लगेच दिसला. जानेवारी १९७६ मध्ये हॅरिसनच्या वकिलांनी १ लाख ४८ हजार डॉलर देऊ केले होते. अमेरिकेतल्या रॉयल्टीच्या ४० टक्के धरून काढलेला हा आकडा. ब्राइट ट्यून्सच्या वकिलाला तो आधी बराही वाटला होता. मागणी होती ५० टक्क्यांची, म्हणजे दोन्ही बाजू हाताच्या अंतरावर होत्या. पण गाण्यानं जगभरात किती कमावलंय याचा अंदाज हाती आल्यावर मागणी चढली : जगभरच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, वर ‘माय स्वीट लॉर्ड’चा हक्कही सोडून द्या. तडजोड मोडली आणि पुढच्याच महिन्यात खटला उभा राहिला. हॅरिसन कोर्टाची पायरी चढला तो असा.

निकालानंतर नुकसानभरपाई ठरायची होती. १९७८ मध्ये क्लाइनच्या ‘ॲबको’ कंपनीनं ‘हीज सो फाइन’चे हक्क आणि चालू दाव्यातली ब्राइट ट्यून्सची जागा ५ लाख ८७ हजार डॉलरना विकत घेतली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्यानं हॅरिसनच्या वतीनं बचावाची बोलणी केली, तोच आता फिर्यादी म्हणून समोर उभा.

१९८१ मध्ये ओवेन यांनी हिशेब मांडला. गाण्याची संबंधित कमाई २१,३३,३१६ डॉलर. गाणं चाललं त्यातला तीन चतुर्थांश वाटा चालीचा, उरलेला शब्दांचा आणि हॅरिसनच्या नावाचा. म्हणजे भरपाई १५,९९,९८७ डॉलर. पण त्याच निकालात त्यांनी दुसरी गोष्ट ठरवली. क्लाइननं आपल्या जुन्या अशिलाचा विश्वास मोडला आहे. त्याला या व्यवहारात एक डॉलरचाही नफा मिळता कामा नये. त्यानं घेतलेले हक्क हॅरिसनसाठी विश्वस्त म्हणून धरले आहेत असं समजावं, आणि हॅरिसननं त्याला त्यानं मोजलेले ५ लाख ८७ हजार आणि व्याज दिलं की ते हक्क हॅरिसनचे. १९८३ मध्ये अपील कोर्टानं हे कायम केलं. त्या निकालातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो : नोकरी सुटल्यावर माणूस जुन्या मालकाशी स्पर्धा करू शकतो, पण ज्या भांडणात तो मालकाच्या बाजूनं बसला होता, त्याच भांडणात पलीकडे जाऊन बसू शकत नाही. पैशांचे तपशील मिटायला त्यापुढेही वर्षं गेली.

पूर्वार्धाचा वारसा आजही गाणाऱ्यांना छळतो. नकळत केलेली नक्कलही नक्कल, हे तत्त्व पुढे २००० मध्ये मायकल बोल्टनच्या प्रकरणात अपील कोर्टानं उचलून धरलं. पण एक उदाहरण मला दिलासा देतं. २०१४ मध्ये सॅम स्मिथचं ‘स्टे विथ मी’ गाजलं आणि ते टॉम पेटीच्या ‘आय वोन्ट बॅक डाउन’सारखं वाटतं, असं लक्षात आलं. दोन्ही बाजू बोलल्या, पेटी आणि जेफ लिन यांची नावं रचनाकारांत घातली गेली, वाटा ठरला. कोर्ट नाही, कटुता नाही. पेटीच्या त्या १९८९ च्या गाण्यात गिटार वाजवणाऱ्यांत जॉर्ज हॅरिसन होता, आणि पेटी व लिन हे दोघे त्याचे ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’मधले जोडीदार. मित्राचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

माझा कौल असा. चालीच्या बाबतीत ओवेन बरोबर होते. हॅरिसनवर माझं कितीही प्रेम असलं तरी तो कण मला खोडता येत नाही. पण नकळत घेतलेली चाल ही चूक आहे, आणि विश्वासानं दिलेली वही पलीकडच्या टेबलावर उघडणं हा गुन्हा आहे. लोकांनी मात्र चाळीस-पन्नास वर्षं चुकीच्याच माणसाला चोर म्हटलं. गाणं बसवणारे, नाटक करणारे, भागीदारीत दुकान चालवणारे वाचक या लेखमालेला आहेत. त्यांना एवढंच सांगतो : आपला हिशेब ज्याच्या हाती देता, त्यानं सोडून गेल्यावर काय करायचं नाही, हे करारात आजच लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात नॉर्दर्न साँग्ज, नक्की. तोवर ‘हीज सो फाइन’ आधी आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ नंतर, या क्रमानं एकदा ऐकून ठेवा.